लाल चकत्या

३ फेब्रुवारी, सोमवार

आज आणखी एक गाडी माझ्या नावावर गेली.

पोहायला शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. तलावावरून थेट – केस ओले, गळ्यात शिट्टी. भावाने त्यांना आपली जुनी चाकं दिली आहेत. "त्याला नको झाली, मला आली," म्हणाल्या. ती लावल्यापासून वळताना टायर आतल्या बाजूला घासतो, खर्र आवाज येतो. म्हणजे चाक जरा बाहेर यायला हवं. म्हणजे स्पेसर – हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आणि चाक यांच्यामध्ये बसणारी अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती. आमच्या दुकानात सगळे चकतीच म्हणतात.

मापं मी घेतली. पुढच्या दोन चाकांना बारा मिलिमीटर पुरे. चकती जितकी जाड, तितका स्टड – नट ज्यावर फिरतो तो बोल्ट – ती खाऊन टाकते. म्हणून लांब स्टड बसवून घेतले. नट निदान आठ आटे आत जायला हवा, दहा गेला. मधलं भोक हबच्या कडेवर नेमकं बसतं, चाकाचा भार स्टडवर लटकत नाही. स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहिलं, मागे तिघांना बसवून पाहिलं. कुठे घासत नाही. इथपर्यंत चोख.

पुढचं माझ्या हातात नाही. भाऊजींनी मागच्या अंगणातून चकत्या आणल्या. लाल.

बाबांनी नेहमीचं सांगितलं – "आमच्या सूनबाई इंजिनिअर आहेत. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय इथून चाक हलत नाही." बाईंनी माझ्याकडे बघून निर्धास्त मान हलवली. गाडीत मागे टॉवेल, पोहण्याचे चष्मे, एक छोटी चप्पल. वाटेवरची पाच मुलं त्याच तलावावर नेतात, परत घरी सोडतात.

मीही मान हलवली.

५ फेब्रुवारी, बुधवार

लाल रंगाचं एकदा लिहून काढते, म्हणजे डोक्यात फिरणार नाही.

कल्पना बाबांची, तीस वर्षांपूर्वीची. चाकाच्या काड्यांमधून चकतीची लाल कड दिसते. रस्त्यात लाल कड दिसली की गाडी आपली! जेवताना खिडकीतून दिसली तर घास हातात धरून सगळ्यांना दाखवतात. सासूबाई म्हणतात, माझ्याकडे इतकं कधी बघितलं नाही.

चकत्या रंगवण्याचं काम भाऊजींचं, म्हणजे माझ्या दिराचं. ते चकत्या तारेत ओवतात, रंगाच्या बादलीत बुडवतात, ओल्याच टांगतात. त्यामुळे कड लाल आणि दोन्ही तोंडंही लाल. जाड, गुळगुळीत, चकचकीत.

घोटाळा तोंडांचा आहे. नट आवळला की चाक, चकती आणि हब एकमेकांवर दाबले जातात. चाक टिकतं ते त्या दाबावर. तिथे धातूला धातू भिडायला हवा. मध्ये रंग असेल तर गाडी पळते, तापते, हादरते आणि रंग चेपला जातो – केसाएवढाच. नट जागचा हललेला नसतो, बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. पण पकड गेलेली असते. मग कधीतरी नटही फिरायला लागतो.

उपाय अगदी साधा. कड रंगवा, तोंडं कोरी ठेवा. भाऊजींना आज तिसऱ्यांदा म्हटलं.

"वहिनी, ब्रश घेऊन कडा रंगवत बसायला मी काय चित्रकार आहे? बुडवलं, टांगलं, वाळलं."

मग तोंडांवर टेप लावा, म्हटलं. ते म्हणाले, टेप तुम्ही लावा, माझी काही हरकत नाही, पण मागच्या अंगणात बाबा तुम्हाला येऊ देतात का ते आधी विचारून घ्या.

विचारलं. येऊ देत नाहीत. मी पुढे, ग्राहकांसमोर. हत्यारं त्यांची. "तू फक्त बघ," असं म्हणतात, आणि तेही इतक्या मायेने की वाद घालणारा उर्मट ठरावा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

घर दुकानाच्या वर. आमच्या खोलीच्या खिडकीचा खालचा अर्धा भाग दुकानाच्या बोर्डाने झाकला आहे. बोर्डावर नावासकट मी आहे, हातात टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला टक् करणारा पाना – तोही उलटा, कारण फोटोवाल्याला तसा सुंदर वाटला. रस्त्यावरून लोकांना माझं हसू दिसतं. आतून मला पत्र्याची पाठ दिसते.

खाली कॉम्प्रेसर सुरू झाला की पलंग थरथरतो. आता सवय झाली आहे. याचीच भीती वाटते.

८ फेब्रुवारी, शनिवार

बोलून भागणार नाही. आकडे हवेत.

दुकानाच्या व्हॅनची मागची चाकं बदलायची होती. नवऱ्याला म्हटलं, तू लावणार असशील तर डावीकडे लाल चकती लाव आणि उजवीकडे दोन्ही तोंडं खरवडून स्वच्छ केलेली. दोन्हीकडचे नट माझ्या रेंचने ११० न्यूटन-मीटरवर आवळ. नवरा गल्ला आणि फोन सांभाळतो, पण हात चांगला आहे त्याचा. त्याने मागे बघितलं – बाबा नव्हते – आणि लावली.

आवळताना मीच त्याला शिकवलं. एकामागून एक गोलात नाही, समोरासमोरचे नट घ्यायचे. चाक जमिनीला नुसतं टेकलेलं असू दे, म्हणजे ते फिरत नाही. शेवटी धक्का द्यायचा नाही, सावकाश ओढायचं – रेंच टक् म्हणाला की थांबायचं. तो थांबला. "एवढंच?" म्हणाला. त्याला आणखी ओढायची सवय. या घरात सगळ्यांना आहे. बाबा तर पान्याला नळी लावून ओढतात. किती आवळायचं ते खांदा सांगतो म्हणे.

व्हॅन आठवडाभर माल आणायला फिरेल. मग बघू.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एकाला एकावर एक दोन चकत्या हव्या होत्या. नाही म्हणून सांगितलं, एकच जाड घ्या. बाबांनी माझी बाजू घेतली! ग्राहकाला म्हणाले, बघा, आमच्याकडे असं चालत नाही.

असंही असतं. म्हणूनच अवघड होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी व्हॅन तपासली. नवरा शेजारी उभा होता. आवळलेला नट किती जोर लावल्यावर हलायला लागतो ते बघायचं, एवढीच परीक्षा. उजवीकडे, कोऱ्या चकतीवर: १०८, १०६, १०८, १०७. डावीकडे, लाल चकतीवर: ७०, ६६, ७१, ६४.

व्हॅन दोन्ही बाजूंनी सारखीच पळाली. स्टड तेच, नट तेच, हात तोच. फरक एका रंगाचा.

संध्याकाळी जेवायच्या टेबलावर मांडलं. आवाज चढवला नाही. दोन गोष्टी सांगितल्या – तोंडं कोरी ठेवू या, आणि जुन्या ग्राहकांना शंभर किलोमीटर चालल्यावर परत बोलावून नट आवळून देऊ या. स्पेसर लावलेल्या प्रत्येक गाडीला हे करायचंच असतं, रंग असो वा नसो.

भाऊजी म्हणाले, "डावीकडे मी बसतो ना वहिनी, वजनाने सैल झाले असतील." सगळे हसले. मीसुद्धा थोडी हसले, नाही म्हणायला.

बाबा हसले नाहीत. म्हणाले, परत बोलवायचं म्हणजे पहिल्यांदा नीट केलं नव्हतं असं आपल्याच तोंडाने सांगायचं. दुकानाने हे कधी केलेलं नाही. मग ताट बाजूला सारून विचारलं, "तीस वर्षांत एक तरी चाक निघालं का? एक दाखव."

नाही दाखवता आलं. निघालेलं नाही.

म्हटलं, निघायची वाट बघायची का? यावर सासूबाईंनी जेवताना चाकं नकोत म्हणून विषय बंद केला. बाबा उठताना म्हणाले, "रेंच तुझा, आकडे तुझे. चाकं माझी."

नवऱ्याने आकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे."

१६ फेब्रुवारी, रविवार

नवऱ्याला अचानक मासे धरायची हौस आली आहे. माळ्यावरून जुना गळ काढला, मोठी पिशवी घेतली, सकाळीच गेला. दुपारी रिकामा परत. सासूबाई म्हणाल्या, मासे हुशार दिसतात, या घरात कोणाच्याही हाती लागत नाहीत.

मी विचारलंही नाही कुठे गेला होतास म्हणून. कालपासून त्याच्याशी कामापुरतंच बोलते आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कोणीतरी माझा रेंच वापरून ११० वर तसाच ठेवून दिला. काम झालं की काटा खाली आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग थकते आणि रेंच खोटं बोलायला लागतो. हजारदा सांगितलं आहे. भाऊजींना विचारलं तर म्हणाले, त्या टकटक्याला मी हातसुद्धा लावत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आईचा फोन. बोर्डाचा फोटो तिने सगळ्या नातेवाइकांना पाठवला आहे. मी रंगाचं सांगायला गेले, तिने पुरतं ऐकलं नाही. "अगं, सासऱ्यांनी सुनेचं नाव दुकानावर लावलं, आणखी काय हवं तुला? थोडं जुळवून घे."

नाव लावलं आहे खरं. काही घडलं तर आधी तेच वाचतील लोक.

या आठवड्यात चार गाड्या गेल्या. चारही माझ्या नजरेखालून.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काल पुन्हा मासे नाहीत. आज पुन्हा रेंच ११० वर. मी आता रेंच कपाटात, माझ्या साड्यांच्या मागे ठेवते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

वाईट दिवस. का वाईट, ते लिहायलाच अवघड जातं.

तलावाच्या बाई पंक्चर काढायला आल्या. तीन आठवडे गाडी लाल चकत्यांवर धावली आहे. बाबांनी भर दुकानात मला हाक मारली – ये, आण तुझा रेंच, बघू काय म्हणतो. दोन ग्राहक, भाऊजी, नवरा, सगळे गोळा झाले. नवऱ्याचा चेहरा पडला होता. वाटलं, माझ्यासाठी.

डावं चाक: ११०, ११०, १०९, ११०. उजवं तेच.

पुन्हा बघितलं. तेच.

बाबांनी टोमणा मारला नाही. ते जास्त लागलं. हलकेच म्हणाले, "शिकलेल्यांचंही चुकतं कधीकधी. त्यात काय एवढं." आणि बाईंकडे वळून, मागच्या चाकांनाही लावून टाकू, गाडी चारी पायांवर सारखी उभी राहील. बाई हो म्हणाल्या. शुक्रवारी माप द्यायला येतात.

२६ फेब्रुवारी, बुधवार

माझं कुठे चुकलं?

व्हॅनच्या डाव्या चकतीवरचा थर जास्त जाड होता का? मोजला. इतर चकत्यांएवढाच आहे. रंग नीट वाळला नव्हता? दहा दिवस टांगलेला होता. बाई गाडी कमी चालवतात? रोज तलाव, पाच मुलांची घरं – व्हॅनपेक्षा जास्तच. रेंचच बिघडला असेल? दुसऱ्या रेंचशी ताडून पाहिला, एकाचाही फरक नाही.

चेपलेला रंग फुगून पूर्ववत होत नाही. सैल झालेला नट आपोआप घट्ट होत नाही. हे मला माहीत आहे. आणि तरी ११०.

सासूबाईंनी आज स्वतःहून चहा आणून दिला. हरलेल्या माणसाला देतात तसा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

समजलं.

बाई माप द्यायला आल्या. बाबा टायरमध्ये हवा भरत होते, कॉम्प्रेसर धडधडत होता. बाईंनी पिशवीतून एक टोपी काढून माझ्या हातात दिली. निळी, नवऱ्याची. "रविवारी आमच्या अंगणात विसरले तुमचे मिस्टर. किती काळजी घेता हो तुम्ही लोक! सुट्टीच्या दिवशी घरी येऊन नट आवळून देतात. दोन रविवार झाले."

मी टोपी घेतली. आभार मानले. मागच्या चाकाचं माप घेतलं – आकडा बरोबर लिहिला.

जेवणाआधी खोलीत टोपी पलंगावर ठेवली. तो टोपीकडे बघत खाली बसला.

"किती गाड्या?" मी विचारलं.

"जवळपासच्या सगळ्या. लांब गेल्या त्या नाही."

मग एकेक सांगितलं. टेबलावर मी बोलत होते तेव्हाच त्याला ते पटलं होतं. दुसऱ्या दिवशी गळ घेऊन निघाला, पिशवीत रेंच. पहिल्याच गाडीचा नट बासष्टवर हलला. तो घाबरला. तेव्हापासून दर रविवारी दारोदार. लोकांना सांगतो, दुकानाची मोफत सेवा आहे.

"मग बोलला का नाहीस?"

"तीस वर्षांच्या गाड्या आहेत त्या. बाबांना कळलं तर दुसऱ्या दिवशी शटर वर करणार नाहीत ते. मी ओळखतो त्यांना."

"तू माझा पुरावा पुसत होतास."

"मी चाकं वाचवत होतो."

दोन्ही खरं आहे. तेच तर आहे. या घरात माझ्यावर एकाच माणसाने विश्वास ठेवला, आणि त्याने ठेवला म्हणूनच बाकीच्यांपुढे मी खोटी पडले. तो नट आवळत राहणार, म्हणून चाक निघणार नाही. चाक निघत नाही, म्हणून चकत्या लालच राहणार. आणि त्याने थांबावं असं मी म्हणू शकते का? मागच्या सीटवर पाच मुलं असतात.

दोन-तीनदा आवळल्यावर रंग बहुतेक पुरता दबतो, म्हणजे जुन्या गाड्या सुटतील. पण दर आठवड्याला नव्या जातात. हा काय म्हातारा होईपर्यंत मासे धरणार आहे?

त्याला एवढंच म्हटलं, रविवारी टेबलावर तू बोलायचंस. मी नाही. तू. हो म्हणाला.

२ मार्च, रविवार

तो सकाळी गाड्या करून आला. सगळे जेवायला बसलो. मी त्याच्याकडे बघितलं नाही, मुद्दामच.

"बाबा, ते चकत्यांचं..."

"काय चकत्यांचं?"

सासूबाईंचा हात भांड्यातच थांबला होता.

"संपत आल्यात. मागवायच्या का?"

बाबा म्हणाले, मागव. भाऊजी म्हणाले, रंगही मागव.

५ मार्च, बुधवार

बाईंच्या गाडीला मागच्या चकत्या लागल्या. नव्या, कालपर्यंत तारेवर टांगलेल्या, अगदी चकचकीत.

आज मी ठरवूनच उभी होते. भाऊजी चकती हबवर चढवणार, तेवढ्यात बाईंच्या देखत म्हटलं, थांबा, ही तोंडं आधी खरवडून घ्या, रंगावर चाक बसवू नये. स्पष्ट, मोठ्याने म्हटलं. माझ्या आयुष्यात ग्राहकापुढे घरच्यांना कधी असं बोलले नव्हते.

बाबा हसले आणि बाईंना म्हणाले, "बघितलंत? इतकं बारीक बघतात आमच्या सूनबाई. म्हणून तर लोक डोळे मिटून गाडी देतात." बाईही हसल्या. अशी सून मिळायला नशीब लागतं म्हणाल्या. भाऊजींनी चकती चढवली. लाल तोंड आत गेलं, दिसेनासं झालं.

माझ्या बोलण्याचीसुद्धा जाहिरात झाली.

बाई निघताना म्हणाल्या, पुढच्या बुधवारी बाहेरगावी स्पर्धा आहे, मुलांना घेऊन जातेय. मोठा रस्ता, तीन तास. आता मागची चाकंही भक्कम झाली म्हणून बरं.

६ मार्च, गुरुवार

मग मीच का सांगत नाही बाईंना सरळ?

फोन हातात घेतला होता. काय सांगणार? त्यांच्यासमोर मोजले तेव्हा नट ११० होते. ते का होते हे सांगायचं तर नवऱ्याला उघडं पाडायचं. बाई विचारणारच, मग मॅडम, तुमचं नाव बोर्डावर कसं? ही बातमी तलावावरून संध्याकाळपर्यंत गावभर होईल. त्यानंतरही मला याच जिन्याने वर यायचं आहे, याच टेबलावर जेवायचं आहे.

हे कारण पुरेसं नाही. माहीत आहे मला. फोन ठेवून दिला.

नवरा म्हणाला, रविवारी सगळ्यात आधी त्यांच्याकडे जातो. शप्पथ.

८ मार्च, शनिवार

ट्रकचा टायर उचलताना नवऱ्याच्या पाठीत उसण भरली. सरळ आडवा, कुशीवर वळतानाही ओरडतो. डॉक्टरांनी आठवडाभर उठू नको म्हणून सांगितलं. तो छताकडे बघत एकच म्हणाला, "उद्या?"

मी जाते, म्हटलं. आजारी मैत्रिणीकडे म्हणून सांगेन.

या घरात खोटं बोलायची पाळी आता माझ्यावर आली. आणि ते मला किती सोपं वाटलं!

९ मार्च, रविवार

सकाळी बाबांनी आमच्या दारातून डोकावून लेकाला विचारलं, "आज मासे नाहीत वाटतं?" आणि फिरायला म्हणून गेले.

नंतर मी निघाले. बाईंच्या अंगणात गाडी उभी होती. मागच्या डाव्या चाकाला रेंच लावला – टक्. नट हलला नाही. दुसरा, तिसरा, चौथा. मग उजवं चाक. एकही नट सैल नाही, उलट जरा जास्तच घट्ट.

बाई टॉवेल वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "अहो, आत्ताच तुमचे सासरे येऊन गेले की. गुडघे दुखत होते तरी खाली बसून सगळे आवळले. घरी बोलू नका म्हणाले. पोरांना वाटतं, मला ठाऊक नाही, असंही म्हणाले."

मी तिथेच, गाडीला पाठ लावून, खाली बसले. बाईंनी पाणी आणून दिलं.

प्यायले. मग म्हटलं, उद्या सकाळी गाडी दुकानात आणा, चारही चाकं उतरवून चकत्यांचा रंग खरवडायचा आहे. बाईंनी विचारलं, का, सैल आहेत का?

"घट्ट आहेत. तरी आणा. आणि बाबा समोर असतील तेव्हाच आणा."